बारदान, माप आणि धुण्याचे द्रव

आमच्या व्यवसायात बारदानासंबंधी एक नियम आहे. तो कोठे लिहून ठेवलेला नाही, पण पेठेत काल आलेल्या हमालासही तो पाठ असतो. ज्या पोत्यात एकदा खत अथवा कीटकनाशक भरले गेले, त्यात पुन्हा धान्य भरावयाचे नाही. पोते नवे असो, धुऊन वाळवून स्वच्छ केलेले असो, बारदानाचा भाव कितीही चढलेला असो. ते पोते धान्याकडे परत येत नाही. आडतीच्या हिशेबात पैचा घोळ झाला तर वर्षअखेरीस तो निस्तरता येतो. बारदानाचा घोळ निस्तरता येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

मात्र हाच व्यापारी सायंकाळी दुकान वाढवून घरी येतो, हातपाय धुण्यास न्हाणीघरात जातो, आणि तेथील फळीवर काय पाहतो? शीतपेयाच्या बाटलीत निळे द्रव, कोकम सरबताच्या बाटलीत गुलाबी द्रव, पाण्याच्या बाटलीत फिनेल, आणि खाली कोपऱ्यात गोडेतेलाच्या पाच लिटरच्या डब्यात कपडे धुण्याचे लिक्विड. एकावरही नाव नाही. दुकानात ज्याने असे एखादे पोते क्षणभर खपवून घेतले नसते, तो घरात चार बाटल्यांकडे पाहून तोंड पुसतो आणि जेवावयास बसतो. या विसंगतीबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. वस्तू व सेवा कर, बाजार समितीचे नियम, वायदेबाजार यांवर लिहिण्यास आपल्या संघात अधिकारी माणसे आहेत. त्यांनी ते लिहावेच. धुणी-भांडी हा स्त्रियांचा प्रांत, त्यात धान्याच्या व्यापाऱ्याने कशास नाक खुपसावे, असाही आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो आमच्याच घरातून नव्हे तर पेठेतून ऐकला आहे. त्यास आमचे उत्तर सरळ आहे. हातगाडीवरून स्वस्तात सुटे लिक्विड विकत घेतो कोण? रिकामी बाटली फेकू नये म्हणून जपून ठेवतो कोण? बहुधा आपणच. सूनबाईंच्या हाती जे येते ते आपण आणून दिलेल्या भांड्यातून येते. तेव्हा हा प्रांत निम्मा तरी आपला आहे.

पूर्वी ही अडचण नव्हती. आमच्या लहानपणी आजी रेशमी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धूत असे. सुती धुण्यास साबणाची वडी, मळकट कपड्यांस पापडखार. १९५९ साली सर्फची पूड भारतात आली, १९६९ साली निरमा आली, आणि धुण्याची तऱ्हा पालटली. तरीही वडी ती वडीच होती आणि पूड ती पूडच. लहान मूल साबणाची वडी तोंडात घालील, पण चव लागताच थुंकून टाकील. मोठे माणूस तिला पेढा समजणार नाही. घरात शिरलेले पहिले धुण्याचे द्रव बहुतेकांच्या स्मरणात नीळ हेच असेल. १९८३ साली ज्योती लॅबोरेटरीज सुरू झाली आणि तिच्या उजाला या द्रव निळीची लहानशी बाटली घरोघर गेली. ती थेंबांनी वापरावयाची वस्तू असल्याने तिच्यापासून फारसे भय नव्हते. आता मात्र साबण द्रव, कपडे मऊ करणारे कंडिशनर द्रव, डाग काढणारे द्रव, ब्लीच द्रव, आणि सर्व काही लिटरांच्या मापाने घरात येते.

द्रवाचा स्वभाव धान्याहून वेगळा आहे. गहू कोणत्याही पोत्यात भरा, तो गहूच दिसतो. द्रवाला स्वतःचे रूप नसते. ज्या भांड्यात ओताल तेच त्याचे रूप होते. सरबताच्या बाटलीत ओतलेले कंडिशनर सरबत दिसते, त्याला सुगंधही तसाच असतो. पाण्याच्या बाटलीत ओतलेले ब्लीच पाणी दिसते. म्हणजे द्रवाच्या बाबतीत भांडे हेच त्याचे नाव, तोच त्याचा शिक्का आणि तीच त्याची पावती. भांडे बदलले की वस्तूची ओळख गेली. आमचे म्हणणे काय ते एवढे एकच आहे. बाकीचे त्याच्याच पोटात येते.

भांड्याचा घोळ किती दूर जाऊ शकतो याची दोन उदाहरणे आपल्या धान्याच्याच व्यवहारातील आहेत. १९५८ साली केरळात दूषित पिठामुळे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जहाजातून खाद्यपदार्थांबरोबरच फॉलिडॉल या कीटकनाशकाचा माल आला होता. तो गळला आणि पोत्यांत मुरला. पोती उतरविणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, दळणाऱ्यांना कशाचाच पत्ता लागला नाही. चौकशी झाली, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला त्याच्या मुळाशी ही घटना होती. दुसरे उदाहरण ताजे म्हणावे असे आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनाने तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तेव्हा सांगण्यात आले. डबा फेकण्याऐवजी कोणी तरी जपून ठेवला होता, एवढाच त्याचा अर्थ.

धुण्याचे लिक्विड म्हणजे काही फॉलिडॉल नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि भिववून कोणाचे मत बदलावे ही आमची रीत नाही. पण ते सरबतही नव्हे. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका आडत्याच्या घरी लग्नाची गडबड होती. पाहुण्यांपैकी चार वर्षांच्या एका मुलाने मोरीजवळची कोकमाची बाटली तोंडाला लावली. दोन घोट पोटात गेले. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी तत्काळ मिठाचे पाणी कालवावयास घेतले, कारण पोटात भलते गेले की ओकारी काढावी ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. दैवाने शेजारी एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी तो पेला हातातून काढून घेतला. फेस करणारे द्रव ओकारीबरोबर वर येताना श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसास इजा करते. शिवाय दाहक पदार्थ असेल तर घसा जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा भाजतो. म्हणून ओकारी काढावयाची नाही. तोंड पाण्याने पुसून चुळा भरवावयाच्या आणि सरळ दवाखाना गाठावयाचा. मूल दोन रात्री दवाखान्यात राहिले आणि बरे होऊन घरी आले. परंतु डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "बाटलीत काय होते?" त्या भरल्या घरातील पंचवीस माणसांपैकी एकासही उत्तर देता आले नाही. माल हातगाडीवरून आला होता. गाडीवाल्याने तो कोठून आणला, त्यात काय घातले, हे गाडीवाल्यासही ठाऊक नसावे. मूळ बाटली असती तर तिच्यावरील मजकूर डॉक्टरांपुढे ठेवता आला असता. म्हणून आम्ही सर्वांना सांगतो की, असा प्रसंग आलाच तर मुलाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यावी. आणि नेण्याजोगी बाटली घरात असावी.

परदेशात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर अनुभवास आली आहे. २०१२ साली अमेरिकेत धुण्याच्या लिक्विडच्या रंगीत पुड्या, पाण्यात विरघळणाऱ्या पातळ कातडीत बांधलेल्या, मोठ्या प्रमाणावर बाजारात आल्या. दिसण्यास अगदी गोळ्या-चॉकलेटसारख्या. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत सहा वर्षांखालील सतरा हजारांवर मुलांबद्दल तेथील विषबाधा केंद्रांकडे विचारणा झाली. पुढे तेथील उत्पादकांनी डबा अपारदर्शक केला, उघडण्यास अवघड केला आणि पुडीच्या कातडीस कडू द्रव्य लावले. तशा पुड्या आता आपल्याकडेही मिळू लागल्या आहेत. ज्यांच्या घरी त्या येतात त्यांनी त्या मूळ डब्यातच ठेवाव्यात, कोरड्या हाताने काढाव्यात, आणि काचेच्या सुंदर बरणीत भरून ठेवण्याचा मोह टाळावा.

काटकसरीचा मुद्दा आम्ही टाळणार नाही, कारण खरे कारण तेच आहे. रिकामी बाटली फेकणे आपल्या हातून होत नाही. हा गुण आहे, आणि या गुणावरच आपल्या वाडवडिलांनी पेढ्या उभ्या केल्या. पण काटकसर करावयाची तर तिचा योग्य मार्ग उपलब्ध आहे. बहुतेक मालाची भरणपिशवी मिळते, आणि ती बाटलीहून स्वस्त पडते. ती आणावी आणि त्याच मालाच्या, त्याच नावाच्या मूळ बाटलीत ओतावी. एकाची पिशवी दुसऱ्याच्या बाटलीत ओतू नये. मोठा डबा उचलवत नसेल तर लहान आणावा. आणि धुण्याच्या लिक्विडची बाटली रिकामी झाली की ती विसळून, सुरीने कापून भंगारात द्यावी. तिला तेल, तूप वा पाणी यांच्याकडे फिरकू देऊ नये. खाण्याच्या बाटलीत विष घालणे आणि विषाच्या बाटलीत खाणे घालणे, हे दोन्ही बारदानाचेच घोळ आहेत.

आता मापाविषयी. आपल्यातील वृद्धांनी पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही मापे हाताळली आहेत. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली तेव्हा आमच्या वडिलांनी किती कुरकुर केली होती, ते घरात अजून सांगतात. पण एकदा किलोग्रॅम स्वीकारल्यावर त्यांनी त्यात कधी कसूर केली नाही. आज २००९ च्या वैध मापन कायद्याखाली आपण आपल्या काट्यांची पडताळणी वेळच्या वेळी करून घेतो. असा हा मापाचा पाईक घरी आला की धुण्याच्या यंत्रात लिक्विड ओततो ते धारेने! टोपणाच्या आतील बाजूस रेघा असतात. त्या कोणी पाहत नाही. पाहिल्याच तर टोपण शिगोशीग भरतो, वर "थोडे जास्त बरे" म्हणून आणखी एक धार सोडतो.

जास्त घातल्याने कपडा अधिक स्वच्छ होत नाही. पुढून दार असलेल्या यंत्रात कपडे वर जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्यानेच मळ सुटतो. फेस माजला की त्याची गादी तयार होते आणि आपटणे मंदावते. राहिलेला साबण पुरता विसळला जात नाही. तो पंचात, बनियनमध्ये, लहान मुलांच्या कपड्यांत राहतो आणि अंगास खाज आणतो. पुडीपेक्षा द्रवात एक गोष्ट अधिक असते : द्रव म्हणजे पाणीच असल्याने ते नासू नये म्हणून त्यात संरक्षक द्रव्ये घालावी लागतात, आणि त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारख्या काहींची काही माणसांच्या कातडीस बाधा होते. शिवाय प्रत्येक कंपनीच्या मालाची तीव्रता निराळी. एकाचे अर्धे टोपण दुसऱ्याचे पूर्ण टोपण ठरते. म्हणून जुन्या मालाचे टोपण नव्या मालास लावू नये. कूपनलिकेचे जड पाणी असेल तर थोडे अधिक लागते, हे खरे; पण ते किती, हे बाटलीवर पाहून ठरवावे, मनगटाच्या अंदाजाने नव्हे.

पाण्याचाही हिशेब करावा. आमच्या बेळगावास राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी येते, आणि उन्हाळ्यात ते किती मोजके येते हे येथील गृहिणींना विचारावे. एका धारेच्या जादा लिक्विडसाठी दोन बादल्या जादा विसळण्याचे पाणी जाते. आणि ते गटारातून पुढे कोठे जाते? बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावर २०१५ च्या सुमारास फेसाचे डोंगर रस्त्यावर आलेले साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिले. त्यात शहराच्या सांडपाण्याचा आणि त्यातील साबणद्रव्यांचा मोठा वाटा होता. पाणी गाळून वापरणाऱ्या आणि गाळलेली जीवाणी परत मूळ जलाशयात सोडणाऱ्या समाजास याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. आपल्याकडे मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींत वस्तू उचलताना व ठेवताना काळजी घेणे आणि टाकावयाचे ते पाहून टाकणे या दोन समिती आहेतच. श्रावकाने त्यांतील लहानसा अंश न्हाणीघरात पाळल्यास व्रतभंग खास होणार नाही.

एकत्र मिसळण्याविषयी थोडक्यात, पण जोर देऊन. दोन औषधे मिसळली की दुप्पट गुण येतो, अशी एक समजूत आहे. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडण्यात आला होता. बंद न्हाणीघरात तो काय करील याची कल्पना करावी. ब्लीच अमोनियाबरोबरही घालू नये. साबण आणि कंडिशनर एकाच वेळी घातले तर अपाय नाही, परंतु दोघे एकमेकांचा गुण मारतात आणि दोन्हींचे पैसे पाण्यात जातात. पंचांस व टॉवेलांस तर कंडिशनर घालूच नये. त्याचा थर बसतो आणि पंचा पाणी शोषेनासा होतो.

पूजेच्या रेशमी वस्त्रांविषयी भगिनींना विशेष सांगावेसे वाटते. पुष्कळ लिक्विडांत मळ पचविणारी किण्वे असतात. त्यांतील एक जात प्रथिने तोडते, म्हणून रक्ताचे, दुधाचे डाग निघतात. पण रेशीम आणि लोकर ही स्वतः प्रथिनेच आहेत. वडगाव-शहापूरच्या मागावरचे रेशीम अथवा सासूबाईंनी दिलेला शालू अशा लिक्विडात वारंवार घातला की तो विरत जातो, आणि दोष मात्र विणकराच्या माथी बसतो. त्यांस रिठाच उत्तम, अथवा रेशमासाठी म्हणून निराळे मिळते ते.

हातांची सवय सर्वांत अवघड, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. लिक्विड ओतताना एक ओघळ बाटलीवरून येतो, तो बोटांनी पुसला जातो, बोटे पदरास पुसली जातात, आणि तीच बोटे थोड्या वेळाने कणकेत जातात. टोपण ओले तसेच लावले जाते. दुसऱ्या दिवशी बाटली बुळबुळीत, हातून निसटते, फरशीवर सांडते, त्यावरून कोणी वृद्ध घसरते. ओघळ फडक्याने पुसावा, टोपण यंत्रातच विसळून घ्यावे, हात पाण्याखाली धरावेत. अर्ध्या मिनिटाचे काम. द्रव डोळ्यांत उडाले तर डोळा चोळू नये, गुलाबपाणी घालू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. पंधरा मिनिटे फार वाटतात. तेवढी लागतात.

आपल्या गोदामांत कीड मारण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या केवळ परवानाधारक माणसाच्या हातून वापरल्या जातात. त्या कुलपात राहतात, नोंदवहीत चढतात. त्यांची भीती आपणांस आहे म्हणून त्यांच्याबद्दल शिस्तही आहे. घरातील द्रवांबद्दल भीती नसावी, पण वरच्या फळीचे एक कपाट आणि त्यास कडी, एवढे तरी करता येईल. मोरीतील खालची फळी रांगत्या मुलाच्या हाताच्या बरोबर उंचीची असते, हे नातवंडे झाल्यावरच आजोबांच्या लक्षात येते.

किराणा दुकान चालविणाऱ्या आपल्या सभासदांविषयी लिहावे की न लिहावे असा विचार करीत होतो, तथापि लिहितो. गिऱ्हाईक सुटे लिक्विड मागते, रिकामी पाण्याची बाटली पुढे करते, आणि दुकानदार नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर ते समोरच्या दुकानात जाते. ही अडचण खरी आहे. एकट्याने नाही म्हणणे कठीण. सर्वांनी मिळून नाही म्हणणे तितके कठीण नाही. खाण्यापिण्याच्या बाटलीत धुण्याचे, फरशीचे वा संडासाचे कोणतेही द्रव भरून द्यावयाचे नाही, आणि ज्या डब्यावर वस्तूचे व उत्पादकाचे नाव नाही तो माल दुकानात घ्यावयाचा नाही, असे संघाने ठरवावे. त्याबरोबरच टेंपोत पिठाच्या पोत्यांवर लिक्विडचे डबे रचून पाठविण्याची जी नवी पद्धत पडली आहे ती बंद व्हावी. १९५८ साली जहाजात जे घडले ते टेंपोत घडण्यास जागा फार लागत नाही. दुकानातही या मालाची फळी आटा-साखरेपासून वेगळी असावी.

हा ठराव लेखी स्वरूपात आम्ही संघाच्या कार्यवाहांकडे दिला आहे. पुढील सर्वसाधारण सभेत तो मांडला जाईल. त्यास अनुमोदक म्हणून किराणा व्यवसायातीलच सभासद पुढे यावा, धान्य पेठेतील नव्हे, अशी आमची इच्छा आहे.